बांधाखालची घरं

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या खोलीत पीएच.डी.ची सात-आठ मुलं जमिनीवर आडवी पडून पोटातून श्वास घेत होती, त्यामुळे लगेच वाचता आलं नाही. हसू नकोस, हेच माझं काम आहे. रेडिओवरची नोकरी सोडल्यावर विद्यापीठाने मला जो कक्ष दिलाय, त्याचं नाव इतकं लांबलचक आहे की ते पाटीवर मावलं नाही. पण काम एवढंच: जी मुलं वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाला चिकटून बसतात, त्यांना तो प्रश्न घरच्या माणसाला कळेल असा सांगायला शिकवायचं. कुणी चित्रकथा काढतं, कुणी बाहुल्या करतं, कुणी नुसतंच उभं राहून बोलतं. बुरशीवर काम करणारा एक जण आहे, त्याने बुरशीचं सासू-सुनेचं नाटुकलं लिहिलंय आणि सासू तो स्वतःच होतो. कंबरेवर हात ठेवून असा काही उभा राहतो की मला आईच आठवते. तिला सांगू नकोस.

आता मुद्द्याचं. या तुकडीत एक मुलगी आहे. इतकं हळू बोलते की तिच्या प्रयोगशाळेतल्यांनी तिचं नाव पुटपुटी ठेवलंय, आणि तीही त्या नावाला ओ देते. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुझा विषय काय?" ती काहीतरी बोलली. मी म्हटलं, "मोठ्याने." परत तेच. शेवटी ऐकू आलं आणि मी खुर्चीत ताठ झाले. वहिनी, तिचा विषय तुमचा बांध आहे! खाणीतलं खनिज धुऊन उरलेला गाळ ज्याच्या मागे साठवतात, तोच, तुमच्या वसाहतीच्या डोक्यावरचा. त्याच्या पोटात पाणी किती चढलंय, ते ती नळ्या उतरवून मोजणार आहे.

त्यासाठी तिला तिकडे काही आठवडे राहायचंय. कंपनीच्या अतिथिगृहात एकटीला कसंसंच वाटेल. आपल्या मधल्या खोलीत सोय होईल का? आईला कुणीतरी ऐकणारं हवंच असतं, आणि ही उलटून बोलणार नाही याची हमी मी घेते. दादा बांधावरच्या पंपाचा मुकादम, म्हणजे तिचं येणं-जाणंही त्याच्याबरोबर होईल.

फोन केला असता, पण तुमच्या खोऱ्यात तो लागला तर ना. तुझ्या चिमणीला गालगुच्चा.

तुझी नणंद

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमची पुटपुटी येऊन आता घरातलीच झाली आहे. पहिल्या दिवशी आईंनी तिला विचारलं, "काय गं, घसा बसलाय का?" तिने मान हलवली. आईंनी लगेच गरम पाणी करायला लावलं. ते ती मुकाट्याने प्यायली, आणि रोज पिते. आई खूश. गुडघ्यांमुळे त्यांना ओट्यापलीकडे जाता येत नाही, त्यामुळे संध्याकाळी ही परत आली की दोघी पायरीवर बसतात. एक बोलते आणि एक ऐकते.

माझ्या शाळेतली पोरं तिला नळीवाली म्हणतात. ती बांधावर चढताना दिसली की खालून हाका मारतात. हात वर करते, पण थांबत नाही. उन्हात नळीत दोरी सोडून बसलेली असते, काहीतरी लिहिते आणि पुढच्या नळीकडे जाते.

तुमच्या दादांचं मात्र तिच्याशी जमत नाही. पहिले काही दिवस हौसेने तिला सगळं दाखवलं, हा पंप, हा निचऱ्याचा चर. मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "दादा, तळाच्या निचऱ्यातून पाणी येणं कमी का झालं?" हे म्हणाले, "बाहेर कमी येतंय म्हणजे आत कमी असेल." ती म्हणाली, "आत वाढतंय." एवढंच. हे ताट सारून उठले. बाहेर जाऊन मला म्हणतात कसे, "मी या बांधावर तिच्या जन्माआधीपासून आहे. डोंगर आहे तो, डोंगर. त्यावर रान उगवलंय."

मी तिला एकटीला गाठून विचारलं, काळजीचं आहे का? ती म्हणाली, "अजून मोजते आहे, वहिनी." तीही मला वहिनीच म्हणते.

ती पुढच्या आठवड्यात निघेल. चिमणी आत्ताच रुसून बसली आहे. तुम्ही तिला बोलायला शिकवणार म्हणता, ते छान. पण जरा जपून. ती जे बोलेल ते तोलून-मापून बोलेल असं मला वाटतं.

तुमची वहिनी

२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आज मला इतका आनंद झालाय की तुलाच आधी लिहिते.

पुटपुटी परत आल्यापासून गप्प गप्प होती. पुढच्या महिन्यात आमची मोठी स्पर्धा. प्रत्येकाने आपलं संशोधन काही मिनिटांत सांगायचं, समोर बाहेरचे पाहुणे. हिला व्यासपीठावर उभं केलं की ओठ हलतात आणि आवाज येत नाही. सगळे व्यायाम झाले. शेवटी मी म्हटलं, "बोलू नकोस. हाताने दाखव."

दोन दिवसांनी ती माशांची काचेची टाकी घेऊन आली. आत वाळू आणि गाळ थापून छोटा बांध केलेला, बांधाच्या मागे ओला चिखल आणि पुढे काडेपेट्यांची घरं. घरांना रंग दिलेला. तिने तळाच्या नळीतून थोडं थोडं पाणी सोडायला सुरुवात केली. बांध तसाच. आणखी पाणी, तरी बांध तसाच. बुरशीवाला म्हणाला, "भक्कम आहे की." आणि तो हे म्हणतोय तोवर सगळं खाली आलं. तडा नाही, ढासळणं नाही, वहिनी. उभी असलेली माती एकदम पातळ झाली आणि काडेपेट्या काचेला जाऊन चिकटल्या. आणि मग ही मुलगी बोलली, आवाज चढवून नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा. "तो शेवटपर्यंत भक्कमच दिसतो," म्हणाली.

मी माझ्या सगळ्या नोकरीत असं काही पाहिलं नाही.

थोडी ओढाताण झाली, ती होतेच. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, घरं काढून टाका, तिचा अभ्यास पाण्याच्या पातळीचा आहे, घरांचा नाही. पाहुण्यांत खाण कंपनीचे लोक असणार, त्यांची प्रयोगशाळेला मदत असते. मी वाद घातला. मग मलाही वाटलं, ऐकणाऱ्याला नुसतं घाबरवून चालत नाही, तो कान बंद करून घेतो. शेवट आशेवर हवा. तेव्हा आता घरं नसतील, आणि बांध फुटल्यावर ती धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्राबद्दल दोन वाक्यं बोलेल. पुटपुटीने घरं एकेक करून उचलली.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सर म्हणतात, टाकीतलं आणि प्रत्यक्षातलं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तुझी नणंद

१५ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं, पण काडेपेट्या वगळून.

एक विचारते, आडवळण न घेता सांगा. तिने जे मोजलं ते चांगलं आहे की वाईट? "मनाला लावून घेऊ नका" असं तुम्ही सहसा लिहीत नाही. तुमच्या लग्नाचं मोडलं तेव्हा लिहिलं होतंत.

बांधाच्या पायथ्याशी, कुंपणाच्या अलीकडे, एक जागा सतत ओली असते. सगळीकडे गवत वाळलंय आणि तिथे हिरवंगार. पोरं तिथे बेडूक पकडायला जातात. मी यांना म्हटलं, हे काय आहे? तर म्हणाले, "असतो कुठेतरी झरा." दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडून चाललो होतो तर मान वळवून दुसरीकडेच बघत होते. मी नवऱ्याला इतकी वर्षं ओळखते. घरातलं काही फुटलं आणि ते यांच्या हातून फुटलं असेल तर असंच करतात.

मग परवा बोलले. त्यांनी त्या जागेचं साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, पंप बघ, बांध बघायला इंजिनीयर आहेत. आणि हेही म्हणाले, की ती मुलगी तुझ्याकडे राहत होती ना?

मला आशेवरचा शेवट नको. आकडा सांगा.

तुमची वहिनी

२८ मार्च

वहिनी,

वाईट आहे.

आकडा तुला सांगून उपयोग नाही, मलाही तो नीट कळत नाही. पण मी तिला समोर बसवून विचारलं, आणि तिने सांगितलं ते असं: पाणी जिथे कधीच पोचायला नको होतं, त्याच्याही वर गेलंय. उद्या फुटेल असं ती म्हणत नाही, फुटणार नाही असंही म्हणत नाही. तिने सरांना लेखी दिलंय. सर म्हणतात, आणखी एक वर्ष मोजल्याशिवाय असं काही तोंडातून काढायचं नाही.

स्पर्धा झाली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. तुझ्या पत्राच्या उत्तरात हे लिहायची मला लाज वाटते. सभागृह भरलेलं होतं. बांध कोसळला तेव्हा लोकांनी "आहा" केलं आणि टाळ्या वाजवल्या. जादूचा खेळ बघितल्यावर वाजवतात तशा, वहिनी. बक्षीस दिलं ते तुमच्याच कंपनीच्या मोठ्या साहेबांनी. म्हणाले, इतका अवघड विषय इतका सुंदर करून दाखवला, ही टाकी आमच्या कार्यालयाच्या दर्शनी भागात ठेवू या. पुटपुटी त्यांना म्हणाली, "पण ते पाणी उतरवायला हवं." साहेबांना ऐकू गेलं नसावं, कारण ते हसले आणि फोटोसाठी वळले.

खाली आल्यावर ती सरळ माझ्यापाशी आली. "मॅडम, त्यांना कळलं ना? मग आता ते काय करतील?" मी म्हटलं, करतील काहीतरी. दुसरं काय म्हणणार होते?

तू आईला आणि चिमणीला घेऊन इकडे ये. माझं घर दोन खोल्यांचं आहे, तरी मावू आपण. दादालाही आण. भांडत बसू नकोस त्याच्याशी, नुसती बॅग भर आणि ये.

नणंद

२० एप्रिल

प्रिय वन्सं,

बॅग भरली होती. आईंनी ती परत रिकामी केली. म्हणाल्या, "माझा मुलगा त्या बांधावर उभा राहतो, आणि मी त्याच्याखालून पळून जाऊ?" आणि घर कंपनीचं, नोकरी कंपनीची. हे म्हणाले, मी रजा मागितली तर कारण काय लिहू?

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तुमची पुटपुटी इथे येऊन गेली. तुम्हाला सांगितलं नसेलच. सरांनाही नाही. बसमधून ती टाकी मांडीवर घेऊन आली होती, चादरीत गुंडाळून. दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, शाळेच्या पटांगणात लोक जमतील का?"

मी पोरांकरवी घरोघरी निरोप धाडला. कामावरून सुटलेले पुरुष आले, बायका आल्या. तिने टाकी बाकावर ठेवली आणि पिशवीतून काडेपेट्या काढल्या. यावेळी घरं होती, आणि ओळीने होती. शाळा कुठली, पाण्याची टाकी कुठली, सगळं जिथल्या तिथे. लोक पुढे सरकून बघायला लागले. "ही आमची गल्ली", "हे तुमचं, कोपऱ्यावरचं", हशा झाला. दुकानदार म्हणाला, "माझ्या दुकानाला पाटी नाही लावलीस!" मग तिने पाणी सोडलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. इथे टाळ्या वाजल्या नाहीत.

पंपावरच्या एका पोऱ्याची आई रडायला लागली. एक जण ओरडला, "खाण बंद पाडायला पाठवलंय का तुला? खाणार काय आम्ही?" मग बरेच ओरडले. ती हलली नाही. म्हणाली, "खाण बंद करा म्हणत नाही. निचरा मोकळा करायला सांगा, तोवर वरच्या बाजूला राहा." आवाज स्वच्छ होता, वन्सं. तुम्ही असायला हवं होतं.

तुमचे दादा मागे उभे होते. ते पुढे आले, टाकीत हात घातला आणि गाळातून एक काडेपेटी काढली. आपलं घर होतं ते. शर्टाला पुसली आणि तिला म्हणाले, "हे बरोबर नाही केलंस." आणि निघून गेले.

साहेबांच्या माणसाने तिला त्याच संध्याकाळी गाडीत बसवून पाठवून दिलं.

आता ऐका. टेकडीवर कंपनीचं जुनं गोदाम रिकामं आहे. मी अर्ज केला की शाळेचं छप्पर गळतंय, वर्ग तात्पुरता तिथे हलवू द्या. छप्पर गळत नाही. तरी परवानगी मिळाली, कारण कुणी बघायलाच आलं नाही. बाकं वर चढवायला माणूस मिळेना. रविवारी सकाळी हे उठले, एक बाक खांद्यावर घेतला आणि चालू लागले. दिवसभर वर-खाली करत होते. शेवटचा बाक ठेवल्यावर म्हणाले, "आईला कसं न्यायचं वर?" मी म्हटलं, खुर्चीत बसवून. म्हणाले, "बघू."

वरच्या, बांधालगतच्या ओळीतली काही कुटुंबं नातेवाइकांकडे गेली आहेत. बाकीचे आम्हाला बघून हसतात.

तुमची वहिनी

११ मे

वहिनी,

तिला काढलं. कागदावर "तात्पुरतं स्थगित" असा शब्द आहे. प्रयोगशाळेचं दार तिच्यासाठी बंद झालं आणि मोजणीही. आता त्या नळ्या कुणी बघत नाही.

यात माझाही हात आहे, आणि तो तुला दुसऱ्याकडून कळू नये. कुलसचिवांनी मला बोलावलं. विचारलं, तिला तिकडे तुमच्या कक्षाने पाठवलं का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, तेवढं लिहून द्या. मी लिहून दिलं. खरंच होतं ते. पण तिला मिळालेल्या स्थगितीच्या पत्रात पहिली ओळ तीच होती: कक्षाच्या संमतीशिवाय आणि माहितीशिवाय. मी लिहायला हवं होतं की मी पाठवलं. तेव्हा सुचलं नाही, किंवा सुचलं आणि नोकरी आठवली.

ती माझ्या खोलीत आली होती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मॅडम, तुमच्या दादांना एवढं विचाराल का, की हिरव्या गवताची जागा वाढली आहे का?"

विचारून कळव. आणि आईला वर ने. तिला म्हणावं, मी हट्ट धरलाय. लहानपणी माझे सगळे हट्ट तिने पुरवले.

नणंद

१९ जुलै

वन्सं,

तुम्ही आलात आणि इतके दिवस राहिलात. पण आपण बोललो नाही. निवाऱ्याच्या तंबूत आजूबाजूला सतत माणसं. तुम्ही गेल्यावर सुचतंय.

तुम्ही मला विचारलं होतंत की शेवटी काय झालं. मी म्हटलं, मला दिसलं नाही. दिसलं होतं, वन्सं. गोदामाच्या दारातून सगळी वसाहत दिसते.

ऊन होतं. पोरं डबे उघडून बसली होती. हे पंपाकडून टेकडीच्या वाटेने पळत आले. इतकं पळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. धापा टाकत म्हणाले, "कुणालाही खाली सोडू नकोस. चिमणीला धर." मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "वरून फुगलाय." बस. मग खाली वळले. मी ओरडले, कुठे? तर न थांबता, "आई!"

गल्लीत शिरताना लोकांना हाका मारत होते. काही जण बाहेर आले, काही दारातच उभे राहून वर बघत बसले. कंपनीचा धोक्याचा भोंगा वाजला नाही. घरातून हे बाहेर आले तेव्हा आई त्यांच्या पाठीवर होत्या. त्यांनी मान यांच्या खांद्यावर टेकली होती आणि एका हाताने यांच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून पदर धरला होता. एवढं स्पष्ट दिसलं. अर्धी वाट चढून आले होते. मी पोरांना मागे ढकलत होते आणि मनात म्हणत होते, आले, आले.

बांध तसाच उभा होता. मग नव्हता. आवाज नंतर आला.

मी पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि पाढे म्हणायला लावले. चिमणी म्हणत होती. तिने काही पाहिलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. तिने पाहिलं असावं.

शाळेतलं एकही पोर गेलं नाही. लोक माझ्या पाया पडायला येतात. मला ते सहन होत नाही. जी पोरं वाचली त्यांतल्या कितीजणांचे आई-बाप खाली होते, ते तुम्ही पाहिलंत.

मी लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की लिहीन, मी तुम्हाला दोष देत नाही. पण ते खरं होणार नाही. काही दिवस देते. त्या टाकीतली घरं तुम्ही काढायला लावलीत, ते आठवतं आणि पेन खाली ठेवते. मग आठवतं की ती मुलगी बोलायला शिकली तुमच्याकडे, आणि ती बोलली नसती तर ती बाकं खालीच असती. दोन्ही एकाच डोक्यात घेऊन जगायचंय मला. तुम्ही उत्तराची घाई करू नका.

वहिनी

६ ऑगस्ट

वहिनी,

तुझ्या पत्रातलं एकही वाक्य खोडायला मी सांगणार नाही.

दादाने आईला पाठीवर घेतलं होतं, हे कळलं ते बरं झालं. मी रोज वेगवेगळं काहीतरी बघत होते डोळ्यांपुढे. आता एकच बघते.

चौकशी समिती बसली आहे. सर तिथे सांगणार आहेत की आकडे कच्चे होते आणि मुलगी उतावीळ. पुटपुटीला साक्षीला बोलावलंय. ती बांध फुटल्यापासून खोलीबाहेर पडत नव्हती. मी रोज जाऊन दाराबाहेर बसायचे. गेल्या आठवड्यात तिने दार उघडलं आणि म्हणाली, "मी तिथे जाऊन सांगितलं, आणि तरी." मी म्हटलं, मीही साक्ष देणार आहे. मी ते लिहून दिलेलं मागे घेतलंय आणि लिहिलंय की हा विषय लोकांपर्यंत न्यायला मीच तिला शिकवलं, आणि पोचायच्या वेळी हात आखडता घेतला तोही मीच. कुलसचिवांनी राजीनामा मागितला आणि मी दिला.

आता आम्ही दोघी सराव करतो. जमिनीवर आडवं पडून श्वास नाही घेत. ती बोलते आणि मी समोर बसून वकिलासारखे वाकडे प्रश्न विचारते. ती रडते, पाणी पिते, परत बोलते. टाकी नको म्हणाली. "आता खरं सगळ्यांनी बघितलंय," म्हणाली.

सुनावणी तुमच्याकडेच आहे, वरच्या गोदामात. तू येशील का? आली नाहीस तरी मी समजेन.

नणंद

३ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

सुनावणीच्या दिवशी इतकी माणसं होती की तुमच्यापर्यंत पोचताच आलं नाही, आणि नंतर तुमची बस होती. म्हणून हे.

मी मागे, दाराशी उभी होते. पुटपुटी उभी राहिली तेव्हा माझ्या शेजारची बाई, जिचा नवरा आणि दीर गेले, ती म्हणाली, "ही तीच ना, जिला आपण हाकललं?" आणि तिने तोंडाला पदर लावला. पुटपुटी दमादमाने बोलली. कोणत्या नळीत पाणी कधी चढलं, कुणाला कधी सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "हा बांध कोणत्या दिवशी फुटेल हे तुम्ही सांगितलं होतं का?" ती म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "दिवस माहीत नव्हता. घरं माहीत होती." आणि मग तिने घरं सांगितली, वन्सं. पहिल्या गल्लीपासून. अध्यक्ष मध्ये म्हणाले, याची गरज नाही. ती थांबली नाही. आमच्या घरापाशी आली तेव्हा आईंचं गरम पाणी तिने सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "या घरात तीन माणसं मोठी आणि एक मुलगी." सरांना मी बघत होते. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

तुमचंही ऐकलं. तुमचा आवाज रेडिओवर होता तसा नव्हता. मला तो बरा वाटला.

निकाल काय लागेल, कुणाला माहीत. समितीच्या बाहेर लोक म्हणत होते, दोन-चार इंजिनीयर जातील आणि साहेब राहतील. सरांचं विद्यापीठ त्यांना काही करणार नाही असं पुटपुटीच म्हणाली. तिला तिची पदवी मिळेल का, हे मी विचारलं. म्हणाली, "त्याचं नंतर बघू." यांचं आणि आईंचं अजून काहीच सापडलेलं नाही. त्या दिवसानंतर बोलायची बंद झालेली चिमणी आता बोलते, पण मोजकंच विचारते, तू किती वाजता येशील, कुठल्या वाटेने येशील.

आता ज्यासाठी लिहिते ते. डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यात याच कंपनीचा दुसरा बांध आहे, याहून जुना. त्याच्या पायथ्याशी आमच्यासारखीच वसाहत. तिथल्या शाळेच्या बाई सुनावणीला आल्या होत्या, तुमच्या मागेच बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, आमच्याकडेही कुंपणाजवळ ओल आहे, पण आमचे लोक म्हणतात, तुमचं फुटलं म्हणजे आमचं आता दुरुस्त करतीलच. त्यांनी बोलावलंय. पुटपुटी जायचं म्हणते, पण एकटीने नाही. मी म्हटलं, मी येते. मला मोजायचं काही कळत नाही. मी त्यांना फक्त एवढं सांगू शकते की माझा नवरा अर्ध्या वाटेवर होता.

मला चार लोकांपुढे हे बोलता येत नाही. कालपासून आरशासमोर करून बघते. "माझा नवरा" म्हटलं की पुढचं येतच नाही. तुम्ही शनिवारपर्यंत या. मला शिकवा. ओरडा माझ्यावर, मोठ्याने म्हणा, परत म्हणा, जे काय करता ते करा. रविवारी सकाळच्या बसने तिघींनी जायचं आहे.

तुमची वहिनी